पेटीतून भिंतीवर: कारागिराच्या हत्यारांच्या जागेचा इतिहास

कार्यशाळेतील हातहत्यारांसाठी प्लायवुडचे फलक लेझर यंत्रावर कापून भिंतीवर बसवण्याची पद्धत गेल्या काही दशकांत जगभर रुजली असून, पटाशीला तिच्या रुंदीची खाच, स्क्रूड्रायव्हरांना चढत्या मापाची भोके, कानशींना उभ्या खोबणी आणि पकडींना अडकण्यापुरती पट्टी, अशा रीतीने प्रत्येक हत्याराला त्याच्या अंगाबेताची जागा तीत नेमून दिलेली असते. वरवर पाहता हा नीटनेटकेपणाच्या हौसेचा मामला वाटतो आणि पुष्कळदा तो तसा असतोही. परंतु हत्यारे ठेवण्याच्या जागेचा इतिहास तपासला असता असे दिसते की, हत्यार कोठे ठेवावे हे ते कोणाच्या मालकीचे आहे यावरून ठरत आले आहे. फिरत्या कारागिराचे हत्यार पेटीत किंवा थैलीत राहिले, कारखानदाराचे कोठारात गेले आणि अनेकांनी मिळून वापरायचे हत्यार भिंतीवर आले, असा हा क्रम ढोबळमानाने मांडता येतो. त्याला अपवाद आहेत, आणि त्यांतील एक अपवाद पुढे सविस्तर पाहावा लागेल.

युरोपातील जुन्या हत्यारपेट्यांपैकी बरीच अभ्यासली गेलेली एक पेटी स्वीडनच्या गॉटलंड बेटावर, मेस्टरमीर नावाच्या दलदलीचा निचरा करून लागवडीखाली आणलेल्या जमिनीत, १९३६ साली नांगरट चालू असताना वर आली. ओक लाकडाची सुमारे ९० सेंटिमीटर लांबीची ही पेटी व्हायकिंग काळाच्या उत्तरार्धातील, म्हणजे इसवी सन १०००च्या आसपासची मानली जाते, आणि तिच्यात व तिच्याभोवती मिळून दोनशेच्या आसपास वस्तू सापडल्या. त्यांत करवती, गिरमिटाची पाती, कुऱ्हाडी आणि तासण्या जशा आहेत, तशाच सांडशी, हातोडे आणि कानशीही आहेत, त्यामुळे सुतारकाम आणि लोहारकाम दोन्ही जाणणाऱ्या, कामासाठी ठिकठिकाणी जाणाऱ्या माणसाची ही मत्ता असावी असा तर्क केला जातो. पेटीला कुलूप होते, ही गोष्ट येथे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण लोखंड महाग असलेल्या काळात हत्यारांचा संच हे कारागिराचे भांडवल होते आणि पेटी ही त्या भांडवलाची तिजोरी होती.

इंग्लंडमधील चॅटम येथील बेंजामिन सीटन या तरुणाची पेटी, जी आता रोचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे, हाच विचार आठशे वर्षांनंतर किती पुढे गेला होता ते दाखवते. बेंजामिनच्या वडिलांनी १७९६ साली त्याच्यासाठी लंडनच्या विक्रेत्याकडून हत्यारांचा भरगच्च संच घेतला, बेंजामिनने १७९७ मध्ये त्या हत्यारांसाठी स्वतः पेटी बांधली, आणि त्या सगळ्याची किमतींसह यादी लिहून ठेवली. हत्यारे फारशी वापरली गेली नाहीत, म्हणूनच ती आज जवळजवळ नव्यासारखी आहेत आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस सुताराच्या संचात काय काय असे याचा इतका चोख पुरावा अभ्यासकांना मिळाला, हा योगायोग इतिहासाच्या दृष्टीने लाभदायक, पण हत्यारांच्या दृष्टीने थोडा करुणच म्हटला पाहिजे. अशा पेटीच्या तळाशी मोठे रंधे असत, वरच्या भागात सरकणारे कप्पे असत आणि करवती झाकणाच्या आतल्या बाजूस अडकवल्या जात. धूळ, दमट हवा आणि चोर या तिन्हींपासून पेटी हत्यारांचे रक्षण करी. तिचा दोष एवढाच की खालचे हत्यार हवे असल्यास वरचे कप्पे सरकवावे लागत, आणि काय हरवले आहे हे पेटी पूर्ण उपसल्याखेरीज कळत नसे.

भिंतीचा उपयोगही जुनाच आहे. आल्ब्रेख्त ड्यूररच्या 'मेलेंकोलिया १' या १५१४ सालच्या ताम्रपटचित्रात तराजू, वाळूचे घड्याळ आणि घंटा या वस्तू भिंतीवर टांगलेल्या दिसतात, तर रंधा, करवत, मोजपट्टी आणि खिळे जमिनीवर विखुरलेले आहेत. चित्राचा अर्थ लावणाऱ्यांनी या पसाऱ्याला खिन्नतेचे लक्षण मानले असले, तरी जमिनीवर पसरलेली हत्यारे हे त्या काळच्या चालू कामाचेही दृश्य असू शकते, हे विसरता कामा नये. उभ्याने काम करण्याचे जड लाकडी बाक स्थिर झाले, कारागीर एकाच छताखाली वर्षानुवर्षे काम करू लागला आणि मालकाच्या कार्यशाळेत अनेक कामगार एकत्र आले, तेव्हा बाकाच्या मागची भिंत आपोआप हाताच्या टप्प्यात आली. आंद्रे जाकोब रूबो याने १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील बृहद्ग्रंथात कार्यशाळेची जी चित्रे आहेत, त्यांच्या काळापर्यंत पटाश्या उभ्या खोचण्यासाठी आडवी पट्टी हे बाकाचे आणि भिंतीचे ठरलेले अंग झाले होते. ही पट्टी म्हणजे भिंतीपासून बोटभर अंतरावर ठोकलेली एक फळी. तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत पाते उतरते आणि मूठ वर अडकते. आजच्या लेझर-कापीव फलकाची मूळ कल्पना यापेक्षा फार वेगळी नाही.

महाराष्ट्रातील सुताराच्या हत्यारांनी मात्र भिंत फारशी धरली नाही, आणि याचे कारण त्याच्या बसण्याच्या पद्धतीत आणि त्याच्या सामाजिक स्थानात शोधावे लागते. गावगाड्यातील बलुतेदारांमध्ये सुताराला महत्त्वाचे स्थान होते. नांगर, कुळव, पाभर आणि गाडी यांची दुरुस्ती वर्षभर करण्याच्या मोबदल्यात त्याला सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा, म्हणजे बलुते, मिळत असे. त्याचे काम कधी सुतारमेटात, कधी झाडाखाली, तर कधी ज्याचे घर बांधायचे त्याच्याच अंगणात चाले. जमिनीवर बसून, लाकूड पायाच्या पंजांनी दाबून धरून, वाकस आणि पटाशी चालवणाऱ्या माणसाची हत्यारे त्याच्या भोवती हाताच्या अंतरावर मांडलेली असत, आणि काम संपले की ती गोणपाटाच्या थैलीत किंवा लाकडी पेटीत जात. अशा कारागिराला भिंतीवरच्या मांडणीचा उपयोग नव्हता, कारण त्याची भिंत रोज बदलत होती. घरात मात्र वस्तू भिंतीवर ठेवण्याची सवय पक्की होती. जाड मातीच्या किंवा विटांच्या भिंतीतील कोनाडा, देवळी, फडताळ आणि भिंत रचतानाच तीत बसवलेल्या लाकडी खुंट्या यांवर पागोट्यापासून कंदिलापर्यंत सर्व काही असे. हत्यारे एका जागी मांडण्याचा दिवस वर्षातून एकदा येई तो खंडेनवमीचा, जेव्हा ती घासूनपुसून, हळदकुंकू वाहून पुजली जात. कारखान्यांत आणि गॅरेजांमध्ये ही प्रथा आजही पाळली जाते, आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेली एखादी गंजकी कानस या निमित्ताने सापडते, हाही तिचा एक लाभ आहे.

वर ज्या अपवादाचा उल्लेख केला तो अमेरिकेतील हेन्री ओ. स्टडली याच्या पेटीचा. स्टडली (१८३८–१९२५) हा मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्या कंपन्यांत काम करणारा कारागीर होता, आणि त्याने महोगनी, शिसवी, आबनूस आणि शिंपले यांच्या जडणीने सजवलेली अशी एक पेटी तयार केली की जी भिंतीवर टांगायची आणि पुस्तकासारखी दोन्हीकडे उघडायची. बंद अवस्थेत तिची उंची सुमारे ३९ इंच, रुंदी २० इंच आणि जाडी जेमतेम ९ ते १० इंच आहे. परंतु एवढ्या जागेत अडीचशेहून अधिक हत्यारे बसलेली आहेत. हे शक्य झाले ते थरांमुळे: पुढचा फलक बिजागरीवर वळवला की मागचा थर दिसतो, एक हत्यार काढले की त्याखालचे मोकळे होते, आणि प्रत्येक हत्याराच्या आकाराबरहुकूम लाकूड इतके बिनचूक कोरलेले आहे की ते जागेवर बसताना किंचित खटका लागतो, असे ती हाताळणाऱ्यांनी नोंदवले आहे. मालकी एकट्याची, पण जागा भिंतीवरची, अशी ही दोन व्यवस्थांच्या सांध्यावरची वस्तू आहे. प्रत्येक हत्याराला स्वतंत्र, मापाची जागा देण्याचा विचार तिच्यात परमावधीला पोहोचला. मात्र त्यासाठी लागलेले कष्ट असे होते की दुसऱ्या कोणत्याही कारागिराला तिचे अनुकरण परवडले नसते. पुढे लेझर यंत्राने जे स्वस्त केले ते नेमके हेच काम, आणि म्हणून स्टडलीची पेटी हा या इतिहासातील केवळ शोभेचा नमुना ठरत नाही.

कारखान्यात मात्र शोभेला स्थान नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील आणि युरोपातील यंत्रशाळांमध्ये हत्यारे कारखान्याच्या मालकीची होऊ लागली, तशी त्यांच्यासाठी जाळीबंद कोठार, एक कारकून आणि क्रमांक ठोकलेले पितळी बिल्ले अशी व्यवस्था आली. कामगार हत्यार नेताना आपल्या क्रमांकाचा बिल्ला देई, तो त्या हत्याराच्या रिकाम्या जागी खिळ्याला अडकवला जाई, आणि दिवसअखेर कोणती वस्तू कोणाकडे आहे हे भिंतीकडे पाहून सांगता येई. फ्रेडरिक विन्स्लो टेलर याने १९०३ मध्ये मांडलेल्या कार्यशाळा-व्यवस्थापनाच्या विचारात हत्यारांचे प्रमाणीकरण आणि त्यांचे केंद्रीय कोठार यांवर मोठा भर आहे, आणि त्यामागे कामगाराच्या हातातील ज्ञान व्यवस्थापनाकडे नेण्याचा जो हेतू होता, तो लपलेला नाही. भिंत येथे हिशेबाची वही झाली होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी उद्योगांतून पुढे आलेली पंचसूत्री, म्हणजे सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके (अनावश्यक वस्तू वेगळ्या काढणे, उरलेल्यांना जागा नेमणे, स्वच्छता, प्रमाण ठरवणे आणि शिस्त), हिने हाच विचार कामगाराच्या बाकापर्यंत आणला. तिच्यातील छायाफलक, म्हणजे ज्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली असते असा फलक, पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातील वाहन उद्योगातील कामगारांना चांगला परिचयाचा आहे. विमानांच्या देखभालीत तर रिकामी छाया हा धोक्याचा इशाराच मानला जातो, कारण इंजिनात विसरलेला एक पान्हा संपूर्ण विमान घेऊन जाऊ शकतो.

घरगुती कार्यशाळेत हा विचार पोहोचला तो सच्छिद्र हार्डबोर्डच्या रूपाने. लाकडाचा भुगा-चिपा वाफेने फोडून, तंतू उष्णतेखाली दाबून केलेला कठीण तक्ता विल्यम मेसन याने अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील लॉरेल येथे १९२०च्या दशकात तयार केला. त्याला एकसारख्या अंतरावर भोके पाडून तारेचे आकडे अडकवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर गॅरेजांतून आणि दुकानांतून पसरली. तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण कार्यशाळेतले नसून स्वयंपाकघरातले आहे: पाककलेवर लिहिणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथील घरात १९६१ मध्ये त्यांचे पती पॉल यांनी अशा फलकावर प्रत्येक भांड्याची बाह्यरेषा काढून दिली, आणि ते स्वयंपाकघर २००१ मध्ये वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाकडे गेले. सच्छिद्र फलकाचा गुण त्याच्या लवचीकपणात आहे, कारण आकडा काढून दुसरीकडे लावता येतो. पण हत्यार उचलताना आकडाही हातात येतो, जड हातोडीखाली भोके रुंदावतात आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीचा तक्ता दमट हवेत पोट काढतो, अशी त्याच्याबद्दलची तक्रार सार्वत्रिक आहे आणि ती रास्तही आहे.

प्लायवुडचा इतिहास याहून कितीतरी लांब आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे, तिसऱ्या राजवंशाच्या काळातील पायऱ्यांच्या पिरॅमिडमध्ये, पातळ लाकडाचे सहा थर एकमेकांवर बसवून केलेल्या शवपेटीचे अवशेष मिळाले आहेत. आधुनिक अर्थाने ज्याला प्लायवुड म्हणतात ते मात्र ओंडका लेथवर फिरवून त्याची अखंड साल सोलल्यासारखा पातळ पापुद्रा, म्हणजे विनियर, काढता येऊ लागल्यावरच शक्य झाले. हे पापुद्रे विषम संख्येने घेऊन, एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या, असे सरसात दाबले की तक्ता दोन्ही दिशांनी सारखा बळकट होतो आणि हवेतील ओलाव्याने फारसा फुगत-आकसत नाही. न्यूयॉर्कच्या जॉन मेयो याला १८६५ मध्ये या कल्पनेसाठी पेटंट मिळाले. बाल्टिक किनाऱ्यावरील रेव्हाल, म्हणजे आजचे तालिन, येथील लूथर कारखान्याने आधी खुर्च्यांच्या बैठका आणि नंतर चहाच्या पेट्यांचे तक्ते बनवून बर्च लाकडाच्या प्लायवुडचा मोठा व्यापार उभा केला, तर अमेरिकेत १९०५ च्या पोर्टलंड प्रदर्शनात डग्लस फर लाकडाचे तक्ते प्रथम लोकांसमोर मांडले गेले. पाण्याला दाद न देणारे कृत्रिम सरस १९३०च्या दशकात आले, आणि तोवर पावसात सुटणारा हा माल बांधकामात आणि नौकांमध्ये जाऊ लागला.

भारतात प्लायवुड आले तेही चहाच्या मागोमाग. आसामातील मळ्यांना निर्यातीसाठी हलक्या, कडक पेट्या हव्या होत्या, आधी त्यांचे तक्ते बाहेरून येत, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आसामातच प्लायवुडचे उत्पादन सुरू झाले. ईशान्येकडील जंगलांवर वाढलेल्या या उद्योगाला १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात दिलेल्या आदेशाने जबरदस्त धक्का बसला, कारण त्यानुसार अरुणाचल प्रदेशातील तिरप आणि चांगलांग जिल्ह्यांतील, तसेच त्या सीमेपासून १०० किलोमीटरच्या आतील आसामातील लाकूड, विनियर आणि प्लायवुड गिरण्या बंद कराव्या लागल्या. यानंतर हरियाणातील यमुनानगर आणि केरळातील पेरुंबावूर ही केंद्रे अधिक ठळक झाली. पहिल्याच्या मागे शेताच्या बांधावर लावलेले पॉप्लर आणि निलगिरी आहेत, दुसऱ्याच्या मागे रबराची झाडे. महाराष्ट्रातील फर्निचरवाला ज्याला नुसते 'प्लाय' म्हणतो आणि आठ बाय चार फुटांच्या तक्त्यात विकत घेतो, तो बहुधा अशा शेतीच्या लाकडातून येतो.

हत्यारांच्या फलकासाठी प्लायवुडच का, याचे उत्तर लाकडाच्या रेषांत आहे. अखंड सागवानी फळीच्या कडेला जवळजवळ खाचा पाडल्या तर दोन खाचांमधला दाता कापताच रेषेच्या दिशेने तुटण्याची भीती असते, कारण लाकूड रेषेला आडवे सहजी तुटत नाही, पण रेषेच्या बाजूने सहज फुटते. प्लायवुडमध्ये एक थर फुटू पाहतो तेव्हा आडवा थर त्याला धरून ठेवतो. त्यामुळे पाच मिलिमीटर रुंदीचा दातासुद्धा टिकतो, आणि पटाश्या, पोगर, सुंभे यांच्यासाठी लागणाऱ्या दाट खाचा पाडणे शक्य होते. उरला प्रश्न त्या खाचा कापण्याचा, जो जिगसॉ घेऊन बसलेल्या माणसाच्या धीराची परीक्षा पाहणारा होता.

या प्रश्नाचे उत्तर ज्या शोधातून आले त्याचा धागा महाराष्ट्रातून निघतो, ही गोष्ट अनेक मराठी वाचकांना ठाऊक नसते. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला, त्यांनी पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉक्टरेट मिळवून ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. थिओडोर मेमन याने १६ मे १९६० रोजी माणकाचा स्फटिक वापरून पहिला लेझर चालवून दाखवला होता. पटेल यांनी वायूच्या रेणूंच्या कंपनांकडे लक्ष वळवले, आणि १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर जगापुढे ठेवला. त्यात नायट्रोजन आणि हीलियम मिसळल्यावर त्याची शक्ती झपाट्याने वाढली. या लेझरचा किरण अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असून, त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते, आणि लाकूड, कागद, कातडे, ॲक्रिलिक अशा पदार्थांत ती जवळजवळ पूर्णपणे शोषली जाते. साधी काचसुद्धा तिला अडवते, म्हणून या यंत्रातील भिंग झिंक सेलेनाइडचे असते. किरण एका बिंदूवर एकवटला की त्या ठिकाणचे लाकूड क्षणात जळून वाफ होते, हवेचा झोत धूर आणि ज्वाळा बाजूला सारतो, आणि मागे काळसर कडेची, केसासारखी बारीक फट उरते.

धातू कापण्याची युक्ती पीटर हॉल्डक्रॉफ्ट याने १९६७ मध्ये इंग्लंडमधील वेल्डिंग संशोधन संस्थेत शोधली. तीत लेझरबरोबर ऑक्सिजनचा झोत सोडला होता. परंतु या यंत्राला औद्योगिक रोजगार मिळवून देणाऱ्या सुरुवातीच्या कामांत प्लायवुडचे काम होते, हे विशेष. पुठ्ठ्याची खोकी कापण्यासाठी छपाई व्यवसायात जे साचे लागतात ते जाड प्लायवुडच्या फळीत खोक्याच्या उलगडलेल्या आकाराच्या अरुंद चिरा पाडून आणि त्यांत पोलादी पट्ट्यांची पाती खोचून बनतात. सर्वसाधारण पट्टीची जाडी ०.७१ मिलिमीटर असते, आणि चीर तेवढीच हवी, कारण ती सैल झाली तर पाते डुलते, घट्ट झाली तर बसत नाही. जिगसॉवर दिवसभर चालणारे हे कौशल्याचे काम १९७०च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये लेझरकडे गेले. पोलादाचे पाते प्लायवुडच्या मापातल्या फटीत उभे धरणे, हे या यंत्राचे आरंभीचे काम आणि पटाशीच्या फलकाचे काम मुळात एकच आहे. दोहोंमध्ये तीस वर्षांचे अंतर पडले ते यंत्राच्या किमतीमुळे.

ते अंतर भरून काढण्यात मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील नील गर्शनफेल्ड यांच्या उपक्रमाचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या, जवळजवळ काहीही कसे बनवावे हे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमातून फॅब लॅबची कल्पना निघाली: संगणकावर आज्ञा घेणारी थोडीशी यंत्रे, त्यांत लेझर कटर हटकून, एका खोलीत ठेवायची आणि गावातल्या माणसाला वापरू द्यायची. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबांपैकी एक २००२ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे, विज्ञान आश्रमात उभी राहिली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापलेल्या या आश्रमात शाळा सोडलेल्या मुलामुलींना वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती अशी कामे हातांनी करत करत शिकवली जात होती, त्यामुळे नवीन यंत्रे तेथे परकी ठरली नाहीत. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेले आणि पुढे गोव्यात गेलेले मेकर्स असायलम हे याच वाटेवरचे शहरी उदाहरण आहे. अशा सामायिक कार्यशाळेत हत्यार कोणाचेच नसते आणि सर्वांचे असते. कोठारावर कारकून बसवणे परवडत नाही, पेट्या वाटून चालत नाही. म्हणून कारखान्यातला छायाफलक येथे कारकुनाशिवाय आला, आणि ज्या यंत्राने इतर सर्व काही कापले जात होते त्याच यंत्रावर तो कापला जाऊ लागला.

या फलकाची घडण समजून घेण्यासारखी आहे. भिंतीला फ्रेंच क्लीट नावाची पट्टी लावतात: एक फळी ४५ अंशांच्या कोनात उभी चिरून तिचे दोन भाग करायचे, एक भाग उतार भिंतीकडे ठेवून भिंतीत स्क्रूने पक्का करायचा आणि दुसरा उलटा करून धारकाच्या पाठीला लावायचा, म्हणजे धारक वरून अडकवला की त्याच्याच वजनाने तो भिंतीला अधिक घट्ट बिलगतो आणि वर उचलला की सुटतो. धारकाचे तुकडे तीन ते सहा मिलिमीटर प्लायवुडमधून कापून, एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसवून, सरसाने जोडतात. येथे मोठी अडचण किरणाने जाळलेल्या फटीची असते. ती साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर रुंद असल्याने, आराखड्यात दाता आणि खाच सारख्या मापाची काढली तर प्रत्यक्षात सांधा सैल होतो, म्हणून दाता तेवढ्याने रुंद काढावा लागतो. सरसाचाही प्रश्न आहे: पाण्याला टिकणारा फिनॉलिक सरस लेझरला चिवट जातो आणि कड कोळशासारखी करतो, त्यामुळे ज्याला दुकानदार मरीन प्लाय म्हणून चढ्या भावाने देतो तोच या कामाला गैरसोयीचा ठरतो. आतल्या थरातील पोकळी किंवा गाठ यांवर किरण अडखळतो आणि तक्ता मधेच न कापता राहतो. बाल्टिक बर्चला जगभर मागणी आहे ती त्याचे थर एकसारखे आणि जवळजवळ निर्दोष असतात म्हणून. युरोपीय संघाने २०२२ मध्ये रशियन लाकडावर बंदी घातल्यावर त्याची टंचाई छंदी कारागिरांनाही जाणवली.

या पद्धतीची मर्यादा तिच्या गुणातच दडलेली आहे. खाच एका ठरावीक पटाशीसाठी कापली की दुसऱ्या कंपनीची पटाशी तीत बसत नाही, आणि हत्यारांचा संच वाढत जाणाऱ्या कार्यशाळेत भिंतीवरची अर्धी चौकट दोन वर्षांत निरुपयोगी होते. स्टडलीला हा प्रश्न पडला नाही, कारण त्याची हत्यारे ठरलेली होती. सामायिक कार्यशाळांनी त्यावर उपाय काढला तो फलक एकसंध न करता सुटे धारक करण्याचा, आणि आराखड्याची फाईल मापे बदलता येतील अशी ठेवण्याचा. हातोडीच्या दांड्याची रुंदी किंवा प्लायची जाडी हा आकडा भरला की संगणक उरलेल्या सर्व रेषा नव्याने काढतो. 'बॉक्सेस डॉट पाय' या मुक्त प्रणालीत असे आराखडे कोणालाही फुकट मिळतात. भारतीय कारागिराला त्यांचा उपयोग करताना जाडीच्या आकड्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे लागते, कारण सहा मिलिमीटर म्हणून विकत घेतलेला तक्ता प्रत्यक्षात अर्ध्या मिलिमीटरने कमी भरू शकतो आणि एकाच तक्त्याच्या दोन कडांतही फरक आढळतो. म्हणून अनुभवी माणूस आधी व्हर्नियरने चारी कोपरे मोजतो, एका टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन रुंदीच्या खाचा कापून त्यांत दाता बसवून पाहतो, आणि मगच संपूर्ण फलक यंत्रावर चढवतो.